घरच्या शेडसाठी टेबल सॉ घेताना आधी फेन्स पाहा, मोटर नंतर

प्रश्न थोडक्यात असा आहे: नागपुरात घरामागे १० बाय १४ फुटांची पत्र्याची शेड आहे, सिंगल फेज वीज आहे. सागवान आणि प्लायचं फर्निचर छंद म्हणून करायचं आहे. टेबल सॉचे, म्हणजे टेबलातून वर आलेल्या गोल ब्लेडवर लाकूड सरकवून कापायच्या मशीनचे, तीन पर्याय समोर आहेत. पहिला, बिडाच्या टेबलाची, २ हॉर्सपॉवरची, स्थानिक बनावटीची मशीन. दुसरा, कंपनीची १० इंची पोर्टेबल टेबल सॉ, १८०० वॅटची. तिसरा, हातातली ७ इंची सर्क्युलर सॉ प्लायच्या टेबलाखाली उलटी बसवायची. काय घ्यावं?

तिसरा पर्याय आजच मनातून काढून टाका. साईटवर तो सर्रास दिसतो, स्वस्त पडतो, हे खरं. पण त्यात खालचं गार्ड दोरीने किंवा तारेने मागे बांधलेलं असतं आणि स्विच पट्टी आवळून कायमचा चालू ठेवलेला असतो. लाकूड अडकलं की स्विच बंद करायला टेबलाखाली वाकावं लागतं किंवा प्लग उपटावा लागतो, आणि तेवढा वेळ मिळत नाही. शिवाय ब्लेडच्या मागे चीर उघडी ठेवणारी पट्टी, म्हणजे रायविंग नाईफ, नसते. टेबल सॉवरच्या गंभीर अपघातांत हिचा अभाव वारंवार दिसतो, म्हणून आधी तिच्याबद्दल.

टेबल सॉमध्ये ब्लेडचे पुढचे दात खाली जातात आणि लाकूड टेबलावर दाबतात. मागचे दात मात्र टेबलातून वर येतात आणि तिथून तुमच्या दिशेने फिरतात. कापलेलं लाकूड या मागच्या दातांना घासलं की दात ते उचलतात आणि सरळ तुमच्यावर फेकतात. १० इंची ब्लेड मिनिटाला ३६५० फेऱ्यांनी फिरत असेल, तर दाताचा वेग ताशी सुमारे १७५ किलोमीटर असतो. याला किकबॅक म्हणतात. पोटात फळी बसणं हा त्यातला अर्धाच धोका. फळी निसटते तेव्हा ती ढकलणारा हात आधार सुटून पुढे, ब्लेडवर पडतो.

लाकूड मागच्या दातांना का घासतं, याची दोन कारणं आहेत. एक लाकडाचं, एक मशीनचं. लाकडाचं असं की फळीत ताण दडलेला असतो. उभी चिरत असताना दोन्ही भाग फाकतात किंवा मिटतात. मिटले की ब्लेड चिमट्यात सापडतं. सागवान इतर लाकडांच्या मानाने शांत असतं, पण घाईने सुकवलेल्या किंवा गाभ्याजवळच्या सागवान फळीत हा ताण चांगलाच असतो. बाभूळ आणि ऐन तर विचारूच नका. रायविंग नाईफ ही ब्लेडच्या मागे, ब्लेडबरोबर वर-खाली होणारी पोलादी पट्टी चीर मिटूच देत नाही. ती ब्लेडच्या दातांपासून ३ ते ८ मिलीमीटरवर असायला हवी. तिची जाडी ब्लेडच्या तबकडीपेक्षा जास्त आणि चिरेपेक्षा कमी हवी. उदाहरणार्थ, ब्लेडची तबकडी १.८ आणि चीर २.८ मिलीमीटरची असेल, तर नाईफ २.२ ते २.३ ची. बदली ब्लेड घेताना हे विसरलं जातं. पातळ चिरेचं ब्लेड लावलं आणि नाईफ जाड राहिली, तर लाकूड नाईफवर येऊन थांबतं. मग लोक नाईफच काढून ठेवतात, आणि ती परत कधी लागत नाही.

मशीनचं कारण म्हणजे फेन्स, म्हणजे लाकूड जिला टेकवून सरकवायचं ती गाईडपट्टी. समजा, ६० मिलीमीटर रुंदीची पट्टी काढायची आहे. फेन्स ब्लेडच्या पुढच्या टोकाशी ६० वर आहे, पण मागच्या टोकाशी अर्धा मिलीमीटर आत झुकलेली आहे. आता ६० ची पट्टी ५९.५ च्या जागेतून जायला हवी. ती जाणार नाही. मागच्या दातांवर दाबली जाईल, कड काळी पडेल, जळका वास येईल आणि एखाद्या वेळी ती उडेल. मोटर जितकी ताकदवान, तितकी ती जोरात फेकली जाईल. म्हणून २ हॉर्सपॉवर ऐकून खूश होण्याआधी फेन्स पाहायची.

कापलेली कड हातात घेऊन उजेडात तिरपी धरा. त्यावर ब्लेडचे बारीक गोलाकार ओरखडे दिसतात. सगळे एकाच बाजूला वळलेले असतील, तर फक्त पुढचे दात कापतायत आणि मशीन सूतात आहे. ओरखडे एकमेकांना छेदून जाळी करत असतील, तर मागचे दातही लागतायत. ही परीक्षा फुकट आहे. दुकानदार नमुन्याचा काप दाखवतो तेव्हा तो तुकडा असाच पाहा.

आता दुकानात काय करायचं. बरोबर कॉम्बिनेशन स्क्वेअर (सरकत्या पट्टीचा गुण्या), फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पात्यांचा संच), दोन फुटी सरळ पोलादी पट्टी आणि मार्कर न्या. मशीनचा प्लग काढलेला आहे, हे स्वतः पाहा. ब्लेड पूर्ण वर करा आणि एका दातावर मार्करने खूण करा. तो दात पुढे आणा, स्क्वेअर मायटरच्या, म्हणजे आडव्या कापाला लाकूड धरून सरकवायच्या गाईडच्या, टेबलातल्या खाचेच्या कडेला टेकवून स्क्वेअरची पट्टी त्या दाताला जेमतेम लागेपर्यंत सरकवा आणि तिथे घट्ट करा. मग ब्लेड हाताने फिरवून तोच दात मागे न्या, स्क्वेअरही मागे न्या आणि फट फिलर गेजने मोजा. तोच दात का? कारण ब्लेड स्वतः थोडं डगमगत असलं, तरी तो दोष मग मापात येत नाही. फरक ०.१ मिलीमीटरच्या आत असेल, तर उत्तम. ०.२ पर्यंत जुळवून घेता येतो. त्याहून जास्त असेल, तर ब्लेड धरणारा सांगाडा टेबलाला ज्या बोल्टांनी जोडलाय, ते सैल करून सरकवण्याची सोय आहे का, ते विचारा. भोकं बोल्टच्या बेताची असतील आणि सरकायला जागाच नसेल, तर ती मशीन सोडून द्या.

फेन्सची परीक्षा याहून सोपी आहे. ती लांब सरकवा, परत आणा, घट्ट करा आणि खाचेपासूनचं अंतर पुढे-मागे मोजा. असं पाच वेळा करा. पाचही वेळा सारखं आलं पाहिजे. मग फेन्सचं मागचं टोक हाताने बाजूला दाबा. दाबल्यावर टोक सरकून तिथेच राहत असेल, तर कापतानाही तेच होणार. ब्लेडच्या मागच्या बाजूला फेन्स ०.१ मिलीमीटर बाहेर उघडत असेल, तर चालतं. आत झुकलेली कधीच चालत नाही. दात असलेल्या पट्टीवर चाकाने दोन्ही टोकं एकदम सरकवणारी रॅक-पिनियन फेन्स या परीक्षेत सहसा पास होते. डिवॉल्टच्या १० इंची पोर्टेबलवर तीच पद्धत आहे. स्थानिक मशीनवर बहुतेकदा अँगलचा तुकडा आणि दोन्ही टोकांना एकेक नटबोल्ट असतो. अशी फेन्स दर वेळी दोन्ही टोकांनी मोजून बसवावी लागते, आणि दिवसाच्या विसाव्या कापाला कोणी मोजत नाही.

टेबलाचा सपाटपणाही पट्टी कर्णावर ठेवून पाहा. मधे ०.३ मिलीमीटरपर्यंतची फट चालते. फार खोलात जाऊ नका. बिडाच्या टेबलात थोडा खड्डा असला, तरी फर्निचरच्या कामाला तो जाणवत नाही.

मोटरकडे येऊ. १८०० वॅट हा आकडा मशीन विजेतून किती ओढते त्याचा आहे. शाफ्टवर त्याहून बरीच कमी ताकद मिळते. २ हॉर्सपॉवर हा आकडा मात्र शाफ्टवरचा असतो, म्हणजे सुमारे १५०० वॅट. त्यामुळे बिडाची मशीन दोन इंची सागवान न दमता चिरते, आवाज कमी करते आणि इंडक्शन (ब्रश नसलेली) मोटर असल्याने वर्षानुवर्षं टिकते. पोर्टेबलची ब्रशवाली मोटर कर्कश असते. कानांवर मफ हवेतच. तिचे कार्बन ब्रश झिजतात, बदलावे लागतात. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो आणि पत्र्याखाली तो आणखी चढतो. अशा वेळी ती मोटर सलग तासभर ओढू नका. दहा-पंधरा कापांनंतर तिला मिनिटभर बिनभाराची चालू द्या, म्हणजे आतला पंखा तिला थंड करतो. जाळीतला भुसाही दर आठवड्याला फुंकून काढा.

स्थानिक मशीन घेत असाल, तर एक गोष्ट नक्की विचारा: मोटर २८८० फेऱ्यांची आहे की १४४० ची, आणि पुल्या किती इंची आहेत? २८८० च्या मोटरवर ४ इंची आणि ब्लेडच्या शाफ्टवर ३ इंची पुली असेल, तर ब्लेड ३८४० फेऱ्या घेतं. १० इंचाला तो वेग योग्य आहे. १४४० ची मोटर सारख्याच मापाच्या पुल्यांवर असेल, तर ब्लेड रांगतं आणि प्लायच्या कडा उखडतात. अमेरिकेतून कोणी नातेवाईक मशीन आणून देत असतील, तर तिथली वीज १२० व्होल्ट आणि ६० हर्ट्झची आहे, हे लक्षात ठेवा. ब्रशवाली मोटर २३० व्होल्ट १२० वर उतरवणाऱ्या जड ट्रान्सफॉर्मरवर चालेल; इंडक्शन मोटरची गती मात्र आपल्या ५० हर्ट्झवर सहाव्या हिश्श्याने घटेल.

विजेचा विचार शेडमध्ये मशीन आल्यावर नाही, आधी करायचा. २ हॉर्सपॉवरची मोटर चालताना १० ते ११ अँपिअर घेते, पण सुरू होताना क्षणभर ५० ते ६०. घरापासून शेडपर्यंत २० मीटर तार असेल आणि ती १ चौरस मिलीमीटरची असेल, तर ५० अँपिअरला जवळपास ४४ व्होल्ट तारेतच जातात. मोटर गुणगुणते, उठत नाही आणि तापते. लोक कपॅसिटर बदलत बसतात. दोष तारेत असतो. २.५ ची तार टाकली, तर तोच तोटा १८ व्होल्टवर येतो, ४ चौरस मिलीमीटरची टाकली, तर ११ वर. मी ४ चीच टाका म्हणेन. उन्हाळ्यात मुळात दाब कमी असतो आणि त्याच लाईनवर कूलर असतो. मशीनला स्वतंत्र एमसीबी, ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच) आणि तपासलेलं अर्थिंग द्या. जुन्या घरात तीन पिनांचं सॉकेट असतं, पण तिसऱ्या पिनेला तारच नसते, हे वारंवार दिसतं.

यातच स्विच येतो. वीज गेली आणि मशीनचा स्विच चालूच राहिला, तर वीज येताच ब्लेड आपोआप फिरू लागतं, आणि त्या वेळी तुम्ही कदाचित ब्लेडजवळ अडकलेला तुकडा काढत असाल. म्हणून नो-व्होल्ट स्विच हवाच. वीज आल्यावरही तो स्वतःहून चालू होत नाही. स्थानिक मशीनवर साधा घरगुती स्विच दिसला, तर तो काढून डीओएल स्टार्टर (मोटर चालू-बंद करायची बटणांची पेटी) लावायला सांगा. त्यात ही सोय आणि जास्त भार पडल्यास मोटर बंद करणारा ओव्हरलोड रिले दोन्ही असतात. त्याचं लाल बटण मांडीने दाबता येईल अशा उंचीवर बसवा, दोन्ही हात लाकडावर असताना तेच कामी येतं.

जागेचं गणित बहुतेक लोक चुकवतात. आठ फुटी फळी चिरायला ब्लेडच्या पुढे आठ आणि मागे आठ फूट लागतात. तुमची शेड लांबीला १४ च आहे. म्हणजे मशीन दाराच्या रेषेत ठेवा आणि लांब फळी दारातून बाहेर जाऊ द्या. बिडाची जड मशीन एकदा ठेवली की हलत नाही. पोर्टेबल स्टँडवर ओढून अंगणात नेता येते. तुमच्यासाठी पोर्टेबलच्या बाजूने हा सर्वांत मोठा मुद्दा आहे. ८ बाय ४ चा अख्खा प्लाय मात्र कुठल्याच पोर्टेबलवर एकट्याने ढकलू नका. तो दुकानातच ढोबळ कापून घ्या किंवा जमिनीवर थर्माकोलची शीट अंथरून सरळ पट्टीच्या आधाराने हातातल्या सर्क्युलर सॉने तुकडे करा आणि शेवटचं नेमकं माप टेबल सॉवर काढा. हे केलं की ब्लेडपासून २४ इंच लांब सरकणाऱ्या फेन्सची गरजही बरीचशी संपते. १८ इंचांत घरचं बहुतेक काम बसतं.

तर निवड अशी. सिंगल फेज, १४ फुटांची शेड, प्लाय आणि सागवान दोन्ही, छंदाचा वेग, हे पाहता १० इंची पोर्टेबल घ्या. तिला रायविंग नाईफ आणि दोन्ही टोकांना पक्की बसणारी फेन्स हवी. उरलेले पैसे ब्लेड, तार आणि व्हॅक्यूमवर घाला. बिडाची मशीन तेव्हाच घ्या, जेव्हा तुमचं काम मुख्यतः दीड-दोन इंची सागवान चिरण्याचं असेल, मशीन कायम एका जागी राहणार असेल आणि बनवणारा ब्लेडबरोबर वर-खाली होणारी रायविंग नाईफ बसवून देत असेल. तो म्हणाला की "आजवर कोणी मागितली नाही", तर दुसऱ्याकडे जा. बोट ब्लेडला लागताच काही सहस्रांश सेकंदांत ते थांबवणारी सॉस्टॉपसारखी मशीन मिळत असेल आणि परवडत असेल, तर आनंदाने घ्या. फक्त एकदा ब्रेक लागला की त्याचं काडतूस बदलावं लागतं आणि ब्लेडही सहसा वाया जातं.

ब्लेडच्या बाबतीत कंजुषी करू नका. मशीनबरोबर आलेलं ब्लेड तात्पुरतं समजा. उभ्या चिरेला २४ दाती, सर्वसाधारण कामाला ४० दाती, सनमायका लावलेल्या प्लायला ६० ते ८० दाती, सगळी टीसीटीच, म्हणजे कार्बाइडच्या दातांची. सागवानात सिलिका असतं, त्यामुळे साध्या पोलादी दाताची धार लवकर जाते, आणि प्लायमधला डिंकही तेच करतो. ब्लेड घेताना मशीनच्या आर्बरचं, म्हणजे ब्लेड बसतं त्या दांड्याचं, माप नोंदवून न्या. ३० मिलीमीटर आणि २५.४ मिलीमीटर, दोन्ही भोकांची ब्लेडं बाजारात मिळतात, आणि सैल रिंग टाकून बसवलेलं ब्लेड कधीच मधोमध फिरत नाही. ब्लेड जाळू लागलं की लगेच धार गेली असं समजू नका. आधी ते काढून रॉकेल आणि नायलॉनच्या ब्रशने दातांवरचा चिकट थर साफ करा. निम्म्या वेळा दोष तेवढाच असतो. सनमायकाचा चांगला चेहरा टेबल सॉवर वर ठेवा. हातातल्या सर्क्युलर सॉवर तो खाली ठेवायचा असतो. उलट केलं, तर कड फुटते.

लाकूड नागपूरच्या लकडगंज लाकूडबाजारातून आणाल, तेव्हा फळ्या आल्या दिवशी चिरू नका. शेडमध्ये इंचभर पट्ट्या मधे घालून रचा आणि दोन-तीन आठवडे हवा लागू द्या. पावसाळ्यात आणलेल्या मालाला जास्त वेळ लागतो. पन्हळ झालेली किंवा पिळलेली फळी फेन्सला थेट लावू नका. आधी एक चेहरा आणि एक कड रंध्याने सरळ करा. टेबलावर डुगडुगणारी फळी ब्लेडवर तिरकी होते आणि किकबॅक तिथूनच सुरू होतो.

शेडमध्ये डेझर्ट कूलर लावणार असाल, तर त्याची दिशा मशीनकडे ठेवू नका. ओली हवा बिडाच्या टेबलावर एका आठवड्यात तांबूस गंज उठवते. महिन्यातून एकदा, पावसाळ्यात पंधरवड्याला, टेबलावर पेस्ट वॅक्स चोळून पुसा. सिलिकॉन असलेलं कार पॉलिश वापरू नका. ते लाकडाला लागतं आणि पुढे पॉलिश धरत नाही. टेबलाखालच्या भुशाच्या तोंडाला व्हॅक्यूम जोडा आणि एन-९५ मास्क लावा. लाकडाचा बारीक भुसा माणसाला कर्करोगकारक म्हणून जागतिक पातळीवर वर्गीकृत आहे.

आणि उन्हाळ्यात तोंडाला बांधलेला दुपट्टा मशीनजवळ येण्याआधी काढून ठेवा. त्याचं लोंबतं टोक ब्लेडमध्ये गेलं, तर ब्लेड दुपट्ट्याबरोबर मानही ओढतं. हातमोजेही याच कारणाने नकोत. ब्लेड लाकडाच्या वर जास्तीत जास्त ५-६ मिलीमीटर ठेवा. पाच इंचांपेक्षा अरुंद तुकडा हाताने नाही, पुश-स्टिकने ढकला. मायटर आणि फेन्स एकाच कापात कधीही एकत्र वापरू नका. सारख्या मापाचे अनेक तुकडे काढायचे असतील, तर फेन्सच्या पुढच्या टोकाला लाकडाचा ठोकळा क्लॅम्प करा आणि माप त्या ठोकळ्याला टेकवून घ्या. ब्लेडपर्यंत पोचताना तुकड्याभोवती मोकळी जागा राहते आणि तो अडकत नाही.

मशीन घरी आल्यावर आधी ९० अंश तपासा. तीन इंच जाडीचा ठोकळा किंवा चिकटवलेल्या प्लायचा तुकडा मायटरला उभा धरून आडवा कापा. एक भाग तसाच ठेवा, दुसरा वरचा खाली करून उलटा आणि दोन्ही कापलेले चेहरे सपाट टेबलावर एकमेकांना भिडवा. वर किंवा खाली फट दिसली, तर ब्लेड गुण्यात नाही, आणि दिसणारी फट खऱ्या चुकीच्या दुप्पट आहे. फट निम्मी होईल एवढंच ब्लेड वळवा, ९० चा अडसर-बोल्ट तिथे कसा आणि पुन्हा कापून पाहा. फट पूर्ण जाईपर्यंत ब्लेड वळवलं, तर ते दुसऱ्या बाजूला झुकतं.